काय म्हने?

बाबा, ती जीप पिवळी नव्हती. निळी आहे. फिकट निळी, दाराच्या कडा गंजलेल्या, आणि टपावर बांधलेलं ते पिंप लाल. आपल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर तुम्ही पहिल्याच रविवारी विचारलं होतं, "जीप कोन्या रंगाची असन वं?" आणि मी जराही न अडखळता सांगून टाकलं होतं, "पिवळी." तेव्हापासून आपल्या घरात ती पिवळी जीप झाली आणि माझ्या डोक्यात इतकी वर्षं पिवळीच धावत राहिली. आता केबलवर दुपारी जुन्या मालिका पुन्हा दाखवतात. शाळा सकाळची आहे, उन्हातून घरी आले, पाणी प्यायले, टीव्ही लावला, आणि ती शिट्टीची धून सुरू झाली. मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. माझं उजवं मनगट आपोआप पुढं झालं होतं, तुमची दोन बोटं त्यावर टेकतील म्हणून. भर दुपारी, वर्ध्यातल्या माझ्या स्वतःच्या घरात, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. कोणी काही टेकवलं नाही. मग मी खाली बसले आणि सगळा भाग पाहिला.

तेव्हापासून रोज पाहते. पाहता पाहता एक गोष्ट समोर आली, ती तुम्हाला विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लोक अजून म्हणतात की तुम्ही तुमच्या पोरीचं ठरलेलं लग्न पाटवडीत मीठ नव्हतं म्हणून मोडलं. मीही बरीच वर्षं तेच मानत आले. आता मानत नाही. पण नीट सांगायचं तर मला त्या मालिकेपासून सुरुवात करावी लागेल.

मालिकेचं खरं नाव आपल्या घरात कोणी कधी घेतलं नाही. आई "त्या दोघायचं" म्हणायची, तुम्ही "खादाडायचं". एक भाऊजी आणि एक मेहुणा. भाऊजी जाडा, मेहुणा काडीसारखा. भाऊजीच्या हॉटेलासाठी जुन्या घरगुती भाज्या शिकायला दोघं जीप घेऊन गावोगाव हिंडायचे. दर रविवारी जीप कुठंतरी बंद पडायची, कोणीतरी म्हातारी त्यांना जेवायला घालायची, कोणाच्या ताटात जास्त वाढलं यावरून दोघं रुसायचे, आणि शेवटी नदीच्या काठी नाहीतर डोंगराच्या कडेला बसून गुपचूप जेवायचे. बस, इतकंच. त्यात कोणी कोणाच्या दुधात विष कालवत नव्हतं, सून छळली जात नव्हती. तुम्हाला ते फार आवडायचं. "रांधून राह्यले, खाऊन राह्यले, हिंडून राह्यले. अजून कायले पाह्यजे मानसाले?" असं म्हणून तुम्ही भिंतीला पाठ टेकायचे. तो सगळा मुलूख तिकडचा, घाटाखालचा, हिरवागार. आपल्याला तो करडाच दिसायचा, पण तुम्ही म्हणायचे, "हिरवंच असन ते. इतकं पानी हाय, अन् हे लोक ताक पिऊन राह्यले." आता रंगीत पाहते. खरंच हिरवंच आहे, बाबा. डोळ्याला थंड वाटतं.

तुमचे कान कसे गेले ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझ्या पोराला मी सांगते तेव्हा त्याला पटत नाही. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये तुम्ही मिस्त्री होतात. कापसातली सरकी वेगळी काढणारे ते रेचे एका रांगेत, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत धडधडत, आणि त्यांच्यामधून तुम्ही पाना घेऊन हिंडायचे. घरी यायचे तेव्हा भुवयांवर रुई बसलेली असायची, आई ती पदरानं टिपायची आणि टिपताना काहीतरी बोलायची, ते तुम्हाला ऐकू जायचं नाही. उजवा कान तर माझ्या आठवणीत कधी चाललाच नाही. डावा थोडा शाबूत होता, तोंड अगदी जवळ नेऊन बोललं की.

पण जिनिंगच्या माणसांना कान लागत नाहीत, हे मी लहानपणीच शिकले. त्या आवाजात ओरडून काही उपयोग नसायचा, म्हणून तिथं सगळे नुसत्या ओठांनी बोलायचे आणि एकमेकांचे ओठ वाचायचे. सवय अशी की बाहेरसुद्धा तसंच. रस्त्याच्या त्या बाजूला तुमचा जोडीदार उभा, या बाजूला तुम्ही, मधून ट्रक चाललेत, आणि दोघं तोंडं हलवून पोराबाळांची खुशाली विचारताहेत, आवाज कोणाचाच नाही. आई वैतागायची. "मुक्यायची पंचायत भरली," म्हणायची. एकदा शेजारच्या लग्नात तुम्ही मांडवाच्या या टोकाला जेवत होतात आणि एकदम हसायला लागले. त्या टोकाचा एक पाहुणा बायकोच्या कानात म्हणत होता की वरणात नुसतं पाणी आहे. तुम्ही उठून त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." तो बिचारा पांढरा पडला. आईनं घरी येईपर्यंत तुमच्याकडे पाहिलं नाही.

मग टीव्हीवरच्या त्या दोघांचे ओठ तुम्हाला का वाचता येऊ नयेत? मी विचारलं होतं. तुम्ही अगदी गंभीरपणे सांगितलं होतं, "हे तिकडचे लोक हायत माय. यायचं तोंड उघडतच नाई. यायचं मराठी ओठावर येत नाई, नाकातच रायते." आणि नाकात बोलून दाखवलं होतं. मी हसून लोळले होते. तेव्हापासून माझं काम ठरलं. मी तुमच्या डाव्या बाजूला बसायचं, तुम्ही माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवून विचारायचं, "काय म्हने वं तो?" आणि मी तुमच्या कानाशी लागून सांगायचं.

पहिले काही रविवार मी जसंच्या तसं सांगितलं. पण त्यांचे विनोद अळूच्या फदफद्यावर असायचे. आपल्याकडे अळूला धोपा म्हणतात, त्याच्या वड्या करतात, त्याचं फदफदं कोण करतं? तुम्ही ऐकायचे आणि कोरडे राहायचे. मग मी अळूची आंबाडी केली. नंतर मेहुण्याची जीभ जरा लांब केली. नंतर तर ते काय बोलतात हे ऐकायचीही मला गरज उरली नाही. तुम्ही हसलात की तुमचं सगळं अंग हलायचं आणि माझं मनगट तुमच्या बोटांखाली हलायचं, आणि तेवढ्यासाठी मी काहीही बोलायला तयार होते. तुम्हाला सगळ्यात आवडलेला विनोद आठवतो का? जाडा भाऊजी समुद्रात उतरतो, ओंजळभर पाणी तोंडात घेतो आणि म्हणतो, "रस्सा लय केला यायनं, पन खारट करून ठेवला." तुम्ही तो जिनिंगमध्ये सगळ्यांना सांगितला, म्हणजे ओठांनी सांगितला. आत्याला सांगितला. वर्षभर पुरवला. बाबा, मागच्या आठवड्यात तो भाग लागला होता. भाऊजी समुद्रात उतरतो हे खरं. पण तो पाणी तोंडात घेत नाही, तोंड धुतो. आणि म्हणतो, "अरे, माझी चप्पल गेली."

आता आत्याचं. तुमची धाकटी बहीण, आंजीला दिलेली. तुमच्या दोघांचं किती पटायचं ते मी पाहिलं आहे. ती आली की तुम्ही दुकानातून शेव आणायचे आणि ती ओरडायची की मी काय लहान आहे का. माझं स्थळ तिनंच आणलं. नाचणगावचे लोक, पुलगावला किराण्याचं दुकान, मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. आत्याच्या नात्यातलेच. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती. मुलगा वाईट असता तर मी रडून सांगितलं असतं. आपण सगळे नाचणगावला गेलो, साक्षगंध झालं, मला साडी दिली, अंगठी घातली, पंगत बसली, पाटवडी रस्सा झाला. आईनं दोन वेळा विचारलं की मसाला कोणता. आणि आत बायकांमध्ये बसलेली असताना मी काहीतरी बोलले, सगळ्या हसल्या, तेव्हा मुलाची आई पलीकडच्या बाईला म्हणाली, "पोरगी लय बोलते. आमच्याकडं आली का होईन चूप." हसतहसत म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नसेल. पण ते वाक्य घरी आल्यावरही माझ्या डोक्यातून गेलं नाही. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, की मी एका स्वयंपाकघरात आहे आणि तोंड उघडत नाही. आणि हिंगणघाटला तुम्ही टीव्हीसमोर बसले आहात आणि दोन बोटं टेकवायला कोणी नाही. डी.एड.चा फॉर्म भरायचा राहिला होता, तोही नाचणगावच्या लोकांनी आता कशाला म्हणून टाळला होता. पण खरं कारण ते नव्हतं. मले चूप व्हायचं नव्हतं, बाबा.

हे मी कोणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सगळ्याच होतात चूप. आत्याची मान खाली गेली असती. तुम्ही शब्द देऊन बसला होतात, आणि शब्द दिल्यावर तुम्ही मागं फिरलेले मी कधी पाहिले नव्हते. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालायची आणि तेव्हा नेमकी टाळूला चिकटली.

आणि तो रविवार. आई मागं भांडी घासते आहे. मी तुमच्या डाव्या बाजूला सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलते आहे. मालिका संपत आली आहे, त्यांची जेवायची वेळ झाली आहे. मी पडद्याकडे बघतच नाही, आवाजाकडेही माझं लक्ष नाही, डोळ्यात पाणी येतं ते शेंगांमध्ये पडू नये एवढंच बघते आहे. तुम्ही मनगटावर दोन बोटं टेकवता.

"काय म्हने?"

मी मान वर केली नाही. तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो म्हन्ते, मले तिथं नाई जाचं."

तुम्ही हसला नाहीत. बोटं तशीच राहिली. जाहिरात सुरू झाली, साबणाची, ती संपली, दुसरी सुरू झाली. मग तुम्ही म्हणालात, "मंग त्याले म्हना, फिरव जीप. रस्ता काई वाहून नाई गेला." आणि उठून मागं पाणी प्यायला गेलात.

दुसऱ्या दिवशी, भर हंगामात, तुम्ही जिनिंगला दांडी मारली. तुम्ही तापातसुद्धा कधी दांडी मारली नव्हती. वर्ध्याला गाडी बदलून नाचणगावला गेलात, साडी आणि अंगठी परत देऊन संध्याकाळी घरी आलात. आई दारात उभी. "काऊन? काय झालं काय?" तुम्ही चपला काढल्या आणि म्हणालात, "पाटवडीत मीठ नोतं."

आईला वाटलं तुम्ही चेष्टा करता आहात. मग वाटलं तुमचं डोकं फिरलं. आत्या तिसऱ्या दिवशी आली आणि अंगणातूनच बोलली, आत आली नाही. तुम्ही खाटेवर बसून तिच्या तोंडाकडे पाहत होतात. आवाज तुम्हाला येत नसेल, पण ओठ तर तुमच्याच गावचे, तुमच्याच आईनं बोलायला शिकवलेले. शेवटी तिनं विचारलं, "दादा, खरं सांग. मिठासाठी मोडलं?" तुम्ही म्हणालात, "हो. मीठ नोतं." ती गेली. त्या भाऊबीजेला आली नाही आणि नंतर कधीच आली नाही. तुम्ही दर भाऊबीजेला आंघोळ करून नवा शर्ट घालून बसायचे आणि दुपारी तो काढून ठेवायचे.

आणि सगळ्या गावानं तुमचं हसं केलं. रस्त्याच्या पलीकडून जिनिंगची माणसं ओठांनी विचारायची, जेवण झालं का, मीठ होतं का. तुम्ही हात हलवून पुढं जायचे. लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी तुमच्या पानावर मुद्दाम चिमूटभर मीठ जास्त वाढायचं. मी डी.एड. केलं, शाळेत लागले, पुढं माझ्या पसंतीनं लग्न झालं, नवरा भला माणूस आहे, माझ्या बोलण्याला तो टरकूनच असतो. म्हणजे माझं सगळं बरं झालं, आणि मी मनात म्हणायचे की माझं नशीब जोरावर, बाबांना नेमका त्याच वेळी मिठाचा झटका आला. त्या रविवारी मी जे बोलले ते तुम्ही मेहुण्याचं बोलणं समजलात, असंच मी धरून चालले. कधी कधी तर मलाच तुमची लाज वाटायची. तुम्ही गेलात तेव्हा आत्या आली. तुमच्या पायाशी बसली आणि रडत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "मिठासाठी बहीन तोडली वं यानं." ते माझ्या कानात आहे. भाजीत मीठ टाकताना ते मला आजही ऐकू येतं, बरणीवर झाकण लावेपर्यंत थांबत नाही.

आठ दिवसांपूर्वी तो भाग लागला, बाबा.

मला आधी कळलंच नाही. ती नदी आली, काठावरची चिंच आली, निळी जीप कडेला लावलेली. मग लक्षात आलं की शेंगा सोलताना हाच होता. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. मेहुणा काय बोलत होता, हे मला इतक्या वर्षांनी ऐकायचं होतं. ज्याच्या तोंडात मी माझं सगळं आयुष्य घातलं तो त्या वेळी खरं काय म्हणत होता, चप्पल गेली म्हणत होता की चटणी वाढ म्हणत होता.

तो काहीच म्हणत नाही. दोघंही काही म्हणत नाहीत. दोघं पाठमोरे आहेत. दूरवरून घेतलेलं आहे, दोन पाठी, मध्ये एक डबा, समोर पाणी. बासरी वाजते, तीही हळू. शेवटपर्यंत एक शब्द नाही. ओठ दिसायचा तर प्रश्नच नाही, तोंडंच पलीकडे आहेत. मग नावं येतात आणि संपतं.

तिथं कोणीच काही बोलत नव्हतं. मग तुम्ही विचारलंत कोणाबद्दल? मी डोळे मिटून पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. एरवी तुम्ही नेहमी "काय म्हने वं तो" म्हणायचे. त्या दिवशी तुम्ही नुसतं "काय म्हने" म्हणालात. त्यात "तो" नव्हता. तुम्ही टीव्हीकडे बघत नव्हतात, बाबा. तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

मग एकेक आठवायला लागलं आणि मला बसवेना. नाचणगावच्या त्या घरात बायका आत होत्या, पण दार उघडं होतं आणि तुमची पंगत दारासमोरच होती. त्या बाईचे ओठ काही पुण्याचे नव्हते. ती म्हणाली "होईन चूप", ते तुम्ही वाचलं असेल का? आणि शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात तो यवतमाळकडचा डॉक्टर तुमच्या पायथ्याशी उभा राहून मला म्हणाला होता की आता काही राहिलं नाही, घरी न्या. अगदी आपल्याच बोलीत, तोंड भरून बोलला होता. तो गेल्यावर तुम्ही माझ्या मनगटावर बोटं टेकवली. "काय म्हने?" मी कानाशी लागून म्हटलं, "म्हन्ते, घरी जा, आंबाडीची भाजी खा." तुम्ही हसलात. म्हणालात, "चांगला मानूस हाय." तुम्ही सगळं वाचलं होतं. तरी विचारलं. मी काय सांगते ते तुम्हाला ऐकायचं होतं.

मी आंजीला गेले. राहवलंच नाही. आत्या आता वाकली आहे, पण जीभ तशीच आहे. अंगणात बाजेवर मुगवड्या वाळत होत्या आणि ती काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसली होती. मला पाहून म्हणाली, "आज कशी काय वाट चुकली?" मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. शेंगा, बोटं, जीप, पाठी, बासरी. ती मध्ये एकदाही बोलली नाही, त्याचीच मला भीती वाटली. कावळा येऊन वडी घेऊन गेला तरी तिनं काठी उचलली नाही.

मग म्हणाली, "मीठ होतं."

मी म्हटलं, "मला माहीत आहे आत्या. बाबांनी पाटवडी दोनदा मागून घेतली होती."

"तुले नाई माईत. मीठ मी टाकलं होतं. त्या दिवशी ते नाचनगावची बाई कंबर धरून बसली होती, सारं मीच रांधलं. पाटवड्या माह्या हातच्या होत्या."

बाबा, हे मला आजच कळत होतं. म्हणजे इतकी वर्षं ती लग्न मोडल्याचा राग धरून नव्हती. म्हटलं, "मग तू त्यांना सांगितलं का नाही? अंगणात उभी होतीस तेव्हा?"

"मी काऊन सांगू?" ती म्हणाली. "खाल्ल्यावर कळाले नाई पाह्यजे होतं का त्याले, का आपल्या बहिनीच्या हातचं हाय म्हनून? भाऊ होता ना माहा." मग तिनं पदरानं नाक पुसलं. "अन् त्याले दुसरं काई भेटलं नाई? भातात खडा निंगाला म्हनाचं. पोरगं तिरपं पाह्यते म्हनाचं. नेमकं मीठच भेटलं मेल्याले."

तुम्हाला मीठच का सुचलं ते मला माहीत आहे. माझ्या त्या खारट रश्श्यावरून सुचलं. मी तुमच्या कानात खोटं घातलं, तुम्ही त्यातलंच एक उचलून गावाला दिलं, आणि ते जाऊन आत्यालाच लागलं. हे मी तिला सांगितलं नाही. तिनं एकदम विचारलं, "मंग त्या लोकायनं फिरवली का जीप?"

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या भागात ते त्याच गावाला जाऊन जेवले."

आत्या हसली. दात नाहीत तिला आता, पण हसताना तिचं सगळं अंग हलतं, तुमच्यासारखं. हसता हसताच रडायला लागली. मी निघाले तेव्हा तिनं मुगवड्या बांधून दिल्या, आणि म्हणाली, "थोडं मीठ कमी हाय," आणि माझ्याकडे बघून घेतलं. भाऊबीजेला तुमच्या फोटोला ओवाळायला येते म्हणाली आहे. नवा शर्ट आणायचा का तेवढा विचार मी करते आहे.

तर माहीत होतं का, असं मी विचारणार होते. लिहिता लिहिता उत्तर कळल्यासारखं वाटतं, तरी तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंच. तुम्ही नंतर माझं लग्न होईपर्यंत माझ्या उजव्या बाजूला बसून खादाडायचं पाहिलं, त्या रविवारबद्दल एकदाही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. आपण दोघं एवढे बोलके, आणि हे एवढंच बोललो नाही. हे वाचून दाखवायला तुमचा डावा कान लागतो आणि तो आता कुठं मिळणार? हे कागद सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात राहतील आणि त्यांच्याबरोबरच रद्दीत जातील.

एक मात्र सांगून टाकते. गेले चार दिवस मी ती मालिका आवाज बंद करून पाहते. ते दोघं तोंडं हलवतात आणि त्यांचं बोलणं मी करते, मोठ्यानं, उजवीकडे मान वळवून, आपल्या बोलीत. अळूची आंबाडी करते. मनगट पुढं ठेवते. काल नवरा लवकर घरी आला होता आणि मागं उभा होता, मला पत्ताच नाही. त्यानं विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली?" मी म्हटलं, टीव्ही बिघडला आहे, आवाज येत नाही, म्हणून मीच आपलं बोलते. भला माणूस आहे, त्यानं लगेच मेकॅनिकला फोन केला. तो उद्या सकाळी येतो आहे, आणि टीव्हीला काहीच झालेलं नाही. त्याला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही, बाबा. तुम्हीच सांगा काहीतरी. मिठाचं सोडून.